जुन्या व्हॅनचं इंजिन बदलताना: मंजुरीच्या नियमांची पार्श्वभूमी

शाळेच्या पोरांची ने-आण करणाऱ्या, तुर्भ्याच्या बाजारातून दुकानांना माल पोचवणाऱ्या जुन्या व्हॅन ठाणे आणि नवी मुंबईत अजून बऱ्याच आहेत. पत्रा धड असतो, कागद चालू असतात, पण इंजिन तेल प्यायला लागतं. मेकॅनिक दोन रस्ते सांगतो. आहे तेच इंजिन दुरुस्त करायचं, म्हणजे बोअर मारून रिंग-पिस्टन टाकायचे, नाहीतर शिळफाटा-डायघर पट्ट्यातल्या भंगाराच्या गोदामातून त्याच जातीचं जुनं इंजिन आणून बसवायचं. तिसरा रस्ता मालकाच्या डोक्यात असतो: एवढा खर्च करायचाच तर नव्या पिढीचं, कमी धूर करणारं इंजिन का बसवू नये? आरटीओत सगळं अडतं ते या तिसऱ्या रस्त्यावर. का अडतं, हे कळायला गेल्या पंचवीसेक वर्षांत नियम कसे वळले ते पाहावं लागतं.

गाडीत फेरफार करण्यावर बंधन 1939 च्या कायद्यापासून आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ते कलम 52 मध्ये आलं. त्याचा मूळ रोख साधा होता. आरसी बुकातला तपशील खोटा ठरेल असा बदल करू नका. करायचाच असेल तर आधी कळवा, मंजुरी घ्या. मंजुरी मिळाली की नोंद होत असे. त्या काळात प्रदूषणाचा विचार या कलमात जवळपास नव्हताच. पेट्रोल गाड्यांना धुराच्या पहिल्या मर्यादा 1991 मध्ये लागल्या, डिझेलला 1992 मध्ये, आणि त्याही फार सैल. गाडीच्या आकारानुसार किलोमीटरला 14 ते 27 ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड चालत असे. पुढे धुराच्या मर्यादा ‘भारत स्टेज’ नावाच्या टप्प्यांनी कडक होत गेल्या; भारत स्टेज-4 मध्ये पेट्रोल कारसाठी हीच मर्यादा 1 ग्रॅमवर आली.

नव्वदीत मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींमध्ये पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायची लाट आली होती. कारण उघड होतं, डिझेल स्वस्त. धूर कुणी मोजत नव्हतं. पुढे न्यायालयाच्या दट्ट्याने जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, पण इंजिन बदलू दिलं की शहराच्या हवेची वाट लागते, ही धास्ती प्रशासनाच्या मनात तेव्हापासून बसली असावी. ती बिनबुडाची म्हणता येणार नाही.

ऑगस्ट 2000 मध्ये कलम 52 बदललं. आजच्या सगळ्या गुंत्याचं मूळ तिथे आहे, म्हणून त्यावर जरा थांबू. जुन्या शब्दांत तुलना आरसी बुकाशी होती. नव्या शब्दांत ती उत्पादकाशी जोडली गेली: आरसीतला तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. अपवाद ठेवला तो इंधनबदलाच्या किटचा. सीएनजी, एलपीजी, बॅटरी, सौर ऊर्जा यांवर गाडी चालावी म्हणून इंजिनात बदल करता येईल, तोही ठरलेल्या अटींवर. याच कलमात आणखी एक मुभा आहे. ज्याच्याकडे किमान दहा व्यावसायिक गाड्या आहेत, त्याला त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आधी मंजुरी न घेता बदलण्याची परवानगी सरकार अधिसूचना काढून देऊ शकतं. एका व्हॅनवर घर चालवणाऱ्याचा विचार इथे झालेला नाही, आणि हे मला खरोखर खटकतं.

2000 नंतरही प्रत्यक्षात राज्याराज्यांत वेगवेगळं चालत राहिलं. काही राज्यांच्या नियमांत फेरफाराला वाट होती आणि नोंदणी अधिकारी आपापल्या समजुतीने मंजुरी देत किंवा नाकारत. असाच केरळमधला एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथल्या उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांच्या आधारे मालकाच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तो फिरवला. नियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आरसीतला इतर तपशील मात्र बदलता येतो आणि त्याची नोंद करता येते, हेही त्याच निकालात आहे.

या दुसऱ्या भागाची चर्चा फार कमी झाली. बातम्या आल्या त्या ‘गाडीत कुठलाही बदल बेकायदा’ अशा थाटाच्या. त्यामुळे त्याच जातीचं इंजिन टाकून फक्त इंजिन नंबर बदलून घ्यायला गेलेल्या माणसालाही ‘आता बंद झालंय’ असं ऐकवणारे एजंट निघाले. ते बंद झालेलं नाही. त्याच बनावटीच्या, त्याच प्रकारच्या इंजिनाने उत्पादकाचा तपशील बदलत नाही, बदलतो तो नंबर. त्यासाठी इंजिनाचं बिल लागतं, ते चोरीच्या गाडीचं नाही याची खातरजमा लागते आणि गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. रॉकेलच्या बोळ्याने ब्लॉकवरचं ग्रीस पुसायचं, नंबरावर पेन्सिल चोळायची आणि तो सेलोटेपवर उचलून अर्जावर चिकटवायचा. नंबरातला एखादा आकडा झिजलेला निघाला तर तिथेच खोळंबा. ही नोंद टाळली तर पुढे विम्याच्या दाव्यात आणि गाडी विकताना अडचण ठरलेली.

आता तिसरा रस्ता, दुसऱ्या जातीच्या इंजिनाचा. मारुतीच्या जुन्या ओम्नी व्हॅनमध्ये 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन असतं. तिथे मारुतीच्याच ईको व्हॅनचं 1196 सीसीचं चार सिलिंडरचं बसवलं तर घनक्षमता बदलली, सिलिंडर बदलले, म्हणजे उत्पादकाचा तपशील बदलला. पण हे इंजिन जुन्यापेक्षा स्वच्छ असेल तर? इथे चाचणीची पद्धत आडवी येते. 3.5 टनांपर्यंतच्या गाड्यांची धुराची चाचणी अख्खी गाडी रोलरवर चालवून होते आणि निकाल किलोमीटरमागे किती ग्रॅम असा निघतो. त्याहून जड गाड्यांचं इंजिन वेगळं बाकावर चालवून तपासतात. म्हणजे ट्रकच्या इंजिनाला स्वतःचा दाखला असतो, व्हॅनच्या इंजिनाला नसतो. ईकोला मिळालेला दाखला त्या गाडीच्या वजनाचा, गिअरचा, सायलेन्सरमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा मिळून असतो. नुसतं इंजिन उचलून दुसऱ्या गाडीत टाकलं की तो दाखला गळून पडतो. नवा घ्यायचा तर मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडे जावं लागेल, आणि ती सगळी यंत्रणा उत्पादकांसाठी उभी आहे, एकट्या मालकासाठी नाही.

चाचणीचं शास्त्र चुकीचं नाही. कन्व्हर्टर आणि सेन्सर काढून बसवलेलं नवं इंजिन जुन्याइतकंच घाण धूर ओकू शकतं. पण याचा परिणाम असा होतो की भंगारातलं, झिजलेलं पण त्याच जातीचं इंजिन कागदावर निर्दोष ठरतं आणि नीट जोडलेलं स्वच्छ इंजिन गुन्हा ठरतं. पीयूसी हा फरक पकडू शकत नाही. 2004 पासूनच्या मर्यादांनुसार भारत स्टेज-2 च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला 3 टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, त्यानंतरच्या गाडीला 0.5 आणि भारत स्टेज-4 पासून 0.3. मर्यादा ठरते ती गाडी कधीची आणि कुठल्या टप्प्याची यावरून, आत कुठलं इंजिन आहे यावरून नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं तर पीयूसीत मोजलीच जात नाहीत.

त्याच 2019 मध्ये कायद्यात शिक्षेची भर पडली. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच वर्षी ओम्नीचं उत्पादन थांबलं आणि एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 आलं, तेव्हा जुन्या व्हॅनसाठी सुट्या भागांचा आधार भंगाराच्या गोदामांकडे आणखी सरकला.

यानंतरची मोठी हालचाल ऑगस्ट 2022 ची. भारत स्टेज-6 च्या पेट्रोल गाड्यांना सीएनजी-एलपीजी किट बसवायला आणि 3.5 टनांखालच्या स्टेज-6 डिझेल गाड्यांचं इंजिन काढून सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवायला वाट मिळाली. तोवर अशी सोय स्टेज-4 पर्यंतच्या गाड्यांनाच होती. मंजुरी किट बनवणाऱ्याला मिळते, तीन वर्षांची असते आणि नूतनीकरण करावं लागतं. त्यामुळे किट घेताना मंजुरीची तारीख पाहणं गरजेचं आहे. विजेवर बदलायच्या किटसाठी नियम 2016 मध्येच आले.

पेट्रोल काढून जास्त स्वच्छ पेट्रोल इंजिन बसवायला मात्र या सगळ्यात कुठेच दार नाही. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं. नूतनीकरण करून गाडी आणखी पाच वर्षं चालवता येते, जुन्याच इंजिनावर.