तुपाच्या थेंबांना लटकलेली लस

माणसांना टोचलेली प्लेगची पहिली लस भायखळ्यात तुपाच्या थेंबांना लटकून वाढली, हे अक्षरशः खरं आहे. पण ती तिथेच का वाढली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

भायखळ्यातलं जे.जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ही जोडी १८४५ची. त्याआधी १८२६ साली मुंबईत एक वैद्यकीय शाळा निघाली होती, पण सहा वर्षांत ती बंद पडली. मग गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या कॉलेजचा आग्रह धरला. १८३८ साली ते वारले आणि कॉलेजला त्यांचं नाव लागलं. रुग्णालयासाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी लाख रुपये दिले. कापूस आणि अफू यांच्या चीन-व्यापारातून आलेला हा पैसा गोरगरिबांच्या खाटांवर खर्च झाला.

पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांचा भर रुग्णाच्या उशाशी उभं राहून शिकण्यावर होता. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. मुंबई विद्यापीठ अजून स्थापनच झालं नव्हतं, त्यामुळे हे डॉक्टर नावापुढे ‘जी.जी.एम.सी.’, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर, अशी अक्षरं लावत. भाऊ दाजी लाड त्यांतलेच. पुढे त्यांनी कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांचं तेल वापरून पाहिलं. त्या जातीच्या झाडांची तेलं सल्फोन गटातली नवी औषधं येईपर्यंत जगभर या रोगावर चालली.

या कॉलेजातला मला सर्वांत ओढ लावणारा माणूस मात्र हेन्री व्हॅनडाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ ही शरीररचनेची पोथी डॉक्टरांच्या घरोघरी असते. तिच्यातली मूळ चित्रं कार्टरची. त्यांना एकरकमी दीडशे पौंड मिळाले, पुढच्या विक्रीतला एक पैसाही नाही. पुस्तक निघालं त्याच वर्षी, १८५८ला, ते मुंबईत आले आणि ग्रँटमध्ये शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. ओपीडीत त्यांना सुजलेली, भोकं पडलेली, काळे दाणे गाळणारी पावलं दिसली. बहुतेक रुग्ण अनवाणी राबणारे शेतकरी. काटा रुततो, मातीतली बुरशी आत शिरते आणि वर्षानुवर्षं हाडापर्यंत पोखरत जाते. कार्टरनी ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, ती बुरशी आहे हे दाखवलं आणि रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिलं. आजही तेच नाव चालतं.

१८७७च्या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसं मुंबईत लोटली आणि त्यांच्यात ताप पसरला. आठवडाभर चढायचा, उतरायचा, पुन्हा उलटायचा. कार्टरना रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू सापडले. असे जंतू त्याआधी बर्लिनमध्ये दिसले होते, पण हिंदुस्थानातला तापही तोच, हे आता कळलं. तो पसरवतं कोण, याचं उत्तर १९०७ साली नाशिकच्या एका मिशन वसाहतीत मॅकी नावाच्या डॉक्टरनं शोधलं: अंगावरच्या उवा. तिथे मुलींपेक्षा मुलगे कितीतरी जास्त आजारी पडले होते, आणि उवाही मुलग्यांच्याच अंगावर जास्त होत्या.

आता तुपाकडे येऊ. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईतल्या मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, ग्रँटच्याच माजी विद्यार्थ्यानं. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन आले. त्यांना मिळाली कॉलेजातली एक लहान खोली आणि व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता. लशीसाठी तो भरपूर हवा होता. हाफकिननी मांसाच्या रश्श्यात जंतू सोडले. रस्सा बकऱ्याचा, कारण गोमांसाचा असता तर लस कोणी टोचून घेतली असती? वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू थेंबांना चिकटले आणि खाली झुंबरासारखे लोंबत वाढले. फ्लास्क हलवला की लोंबकळणारं पीक तळाशी पडायचं आणि वर नवं धरायचं. असं काही आठवडे चालल्यावर मिश्रण तापवून जंतू मारायचे, त्यात थोडं कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक घालायचं, झाली लस. मेलेल्या जंतूंवरून शरीर जिवंत शत्रूची ओळख पटवून घेतं, एवढंच त्यामागचं तत्त्व.

१० जानेवारी १८९७ला हाफकिननी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि कैद्यांपैकी ‘राजी’ असलेल्यांना लस दिली गेली. उरलेल्यांशी तुलना केली तेव्हा लस घेतलेल्यांत प्लेग कमी दिसला. राजी हा शब्द मी अवतरणात मुद्दाम ठेवलाय. गजाआडच्या माणसाची संमती कितपत त्याची स्वतःची असते, हा प्रश्न आज कोणतीही नीतिसमिती आधी विचारेल.

१८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, आणि १९२५पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.