कोलेस्टेरॉलची गोळी स्टिरॉइडला खाते का?

आमच्या पेठेतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक मेसेज फिरत होता. ‘शरीरातलं स्टिरॉइड कोलेस्टेरॉलपासून बनतं. कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी घेतली की स्टिरॉइड निकामी होतं. दोन्ही घेणाऱ्यांनो, सावधान!’ आणि खाली नेहमीप्रमाणे ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. शेजारच्या काकू आमवातासाठी कित्येक वर्षं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतात, रात्री कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. त्या दोन्ही पाकिटं घेऊनच दारात आल्या. “ह्या एकमेकींस्नी खात्यात म्हनं. मग कुठली बंद करू?”

अशा मेसेजची अडचण ही, की त्यातलं पहिलं वाक्य खरं असतं.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉल घेतात, त्याचं शेपूट छाटतात आणि काही टप्प्यांत त्याचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं घरचं स्टिरॉइड, करतात. कोलेस्टेरॉलच्या रेणूत कार्बनचे २७ अणू, कॉर्टिसॉलमध्ये २१. चार कड्यांचा सांगाडा तोच. पण प्रेडनिसोलोनची गोळी ही तयार रेणूची गोळी आहे. तो कारखान्यात, वनस्पतींतल्या स्टेरॉलसारख्या कच्च्या मालापासून बनवलेला असतो. पोटात गेल्यावर त्याला तुमच्या कोलेस्टेरॉलची गरजच उरत नाही. ज्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल घरचंच बनतं त्यांचंही स्टॅटिनमुळे, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीमुळे, अडत नाही, कारण या ग्रंथींना लागणारं कोलेस्टेरॉल रक्तात तरीही भरपूर असतं.

दुसरा घोळ खास आपल्या कोल्हापूरचा. स्टिरॉइड म्हटलं की इथे तालीम आठवते. पैलवानांच्या नावाने बदनाम झालेली स्टिरॉइडं टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली. ती स्नायू फुगवतात. आमवात, दमा, ल्युपस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणात देतात ती कॉर्टिसॉलच्या कुळातली, आणि ती स्नायू उलट झिजवतात. काकूंच्या गोळीने दंड भरणार नाहीत.

मग स्टिरॉइड घेणाऱ्याला कोलेस्टेरॉलची गोळी लागतेच कशाला? प्रेडनिसोलोनचा मोठा डोस चालू असला की चरबीच्या पेशींतून मेदाम्लं सुटतात, इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं, भूक खवळते आणि यकृत चरबीचे कण भरभरून रक्तात सोडायला लागतं. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी चढते, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलही चढतं. मुळात आमवात हा आजारच रक्तवाहिन्यांना तापवणारा. गंमत म्हणजे सांधे ऐन भडकलेले असताना रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल कमी दिसतं, आणि औषधाने आजार शांत झाला की आकडा वर जातो. माणूस म्हणतो, औषधानेच बिघडवलं. पण भडकलेल्या काळातला तो कमी आकडाच फसवा असतो. हृदयाला धोका तेव्हाच जास्त. म्हणून २०१७ साली ब्रिटनमध्ये हृदयविकाराचा धोका मोजण्याची पद्धत सुधारली गेली तेव्हा आमवाताच्या जोडीला नेहमीचं स्टिरॉइडही त्या हिशेबात धरलं गेलं. जेवणाबद्दल एवढंच सांगतो: तांबड्याला शिव्या घालून पांढरा रस्सा ‘साधा’ म्हणून वाट्यांवर वाट्या पिणाऱ्यांनी त्यात नारळाचं दूध किती असतं ते आठवावं.

आता स्टॅटिनकडे. हा सगळा लेख मी खरं तर या भागासाठी लिहायला घेतला.

जपानचे अकिरा एंडो शेतकऱ्याच्या घरातले, लहानपणापासून बुरशीच्या नादातले. त्यांचा तर्क असा, की बुरशी जंतूंशी लढताना त्यांचं कोलेस्टेरॉलसारखं द्रव्य बनणं रोखणारं काहीतरी सोडत असणार. त्यांनी सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. १९७३ साली तांदळावर वाढलेल्या निळसर हिरव्या पेनिसिलियम सिट्रिनममध्ये त्यांना हवा तो रेणू, म्हणजे पहिलं स्टॅटिन, सापडला. यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याच्या वाटेवर एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. हा रेणू नेमका त्याच्या खाचेत जाऊन बसतो. उंदरांना दिला, काही फरक नाही. प्रकल्प बासनात जायची वेळ आली. मग अंडी घालणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग झाला आणि कोलेस्टेरॉल धाडकन उतरलं.

उंदरांवर का चाललं नाही? इथेच खरी मजा आहे. पेशी मुकाट्याने मार खात नाही. पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात, एसआरईबीपी-२ नावाचं एक प्रथिन अडकवून ठेवलेलं असतं, आणि स्कॅप नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून असतं. त्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर असेपर्यंत ही जोडी जागची हलत नाही. कोलेस्टेरॉल घटलं की स्कॅपचा आकार बदलतो, तो जोडीदाराला घेऊन पेशीतल्याच गॉल्गी संकुल नावाच्या दुसऱ्या भागात जातो. तिथे दोन विकरं एकापाठोपाठ एसआरईबीपी-२ चे तुकडे पाडतात. सुटलेला तुकडा केंद्रकात शिरतो आणि दोन हुकूम सोडतो: रिडक्टेज आणखी बनवा, आणि पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राही (रिसेप्टर) वाढवा. उंदराच्या यकृताने पहिला हुकूम इतका जोरात पाळला की औषध त्यात बुडून गेलं. माणसात दुसरा हुकूम भाव खाऊन जातो. घरची म्हैस आटली की माणूस किटली घेऊन डेअरीच्या दारात उभा राहतो, तसं यकृत रक्तातलं एलडीएल ओढायला लागतं. एकेक ग्राही एलडीएलचा कण आत नेऊन सोडतो आणि साधारण दहा मिनिटांत पुन्हा वर हजर. म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं ते मुख्यतः या उचलीमुळे. हे ग्राही शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. एंडोंना ते मिळालं नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

याच यंत्रणेमुळे स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्क्यांनी उतरतं. डोस वाढवला की पेशी रिडक्टेजही वाढवते, शिवाय त्याच हुकमातून पीसीएसके-९ नावाचं ग्राही मोडणारं प्रथिनही बनतं. स्टिरॉइड चालू असलेल्या माणसाचा आकडा हटत नाही म्हणून आपल्या मनाने दोन गोळ्या टाकण्यात काही अर्थ नाही, तो यामुळे.

थोडक्यात, यकृतात ही दोन औषधं एकमेकांना खात नाहीत. एक कण सोडायला लावतं, दुसरं ते उचलायला. त्यांची गाठ पडते ती मांडीच्या स्नायूत.

स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात: दोन्ही मांड्या, पोटऱ्या, ठणक, आणि कधी रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाल्याची खूण, वाढलेलं. स्टिरॉइडचा त्रास वेगळा. दुखत बिखत नाही, सीपीके नॉर्मल, पण पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, जोतिबाच्या पायऱ्या चढताना कठडा धरावा लागतो. मांडी आणि कंबरेच्या स्नायूंतले जलद आकुंचन पावणारे तंतू झिजलेले असतात. दोन्ही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना नुसतं ‘पाय गेलेत’ न सांगता दुखतं की उठवत नाही, हे वेगळं करून सांगितलं तर अर्धं निदान तिथेच होतं. थायरॉइडही तपासून घ्यावं; ते मंदावलं की कोलेस्टेरॉलही चढतं आणि स्नायूही दुखतात. आणि सगळा दोष स्टॅटिनच्या माथी मारू नये. २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब छापून आला. त्यात स्टॅटिन घेणाऱ्यांनी सांगितलेल्या स्नायूंच्या तक्रारींपैकी ९० टक्क्यांहून जास्त तक्रारींचं कारण स्टॅटिन नव्हतं.

खरी गल्लत तिसऱ्या औषधाने होते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन मोडून काढणारं विकर म्हणजे सीवायपी-३ए४. स्टिरॉइड घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती दबलेली, त्यामुळे नायटा लवकर होतो आणि जाता जात नाही. त्यावर इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू होतं, आणि ते हेच विकर अडवतं. स्टॅटिन रक्तात साचतं, मिथाइलप्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइडही साचतं. खोकल्यावर दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही त्यातलंच. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात त्या सायक्लोस्पोरिनचा मार्ग थोडा निराळा; स्टॅटिन यकृतात शिरायची दारंच ते अडवतं, म्हणून तिथे रोसुव्हास्टॅटिनलाही मर्यादा पाळावी लागते. दुकानदाराने ‘त्वचेची गोळी’ म्हणून दिली तरी जुनी चिठ्ठी दाखवायचा आळस करू नये.

याच्याही वर म्हणजे बाजारातल्या सांधेदुखीच्या पुड्या. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, तीन दिवसांत फरक’. फरक पडतोच! अशा भुकट्यांत स्टिरॉइडची भेसळ सापडल्याचे प्रकार देशभर नोंदले गेलेत. काकूंसारखी व्यक्ती वर ती पुडी घेते तेव्हा डोस किती झाला ते ना तिला माहीत, ना डॉक्टरांना.

राहिला प्रश्न कुठली बंद करायची. इट्राकोनाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स असेपर्यंत डॉक्टर पुष्कळदा स्टॅटिन थांबवतात. त्या थोड्या दिवसांत काही बिघडत नाही. स्टिरॉइड मात्र असं सोडता येत नाही. तीनेक आठवड्यांहून जास्त दिवस बाहेरून मिळत राहिलं की अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात, आणि गोळी एकदम तोडली तर घरचं कॉर्टिसॉल वेळेवर सुरूच होत नाही. मळमळ, गळून जाणं, रक्तदाब कोसळणं, आणि त्यात ताप किंवा ऑपरेशन आलं तर जिवावर बेततं. ती गोळी डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनी उतरवायची, मधे कितीही आठवडे जावोत.