कापूस वेचतात, गहू सोंगतात: इंग्रजी शिकताना शब्दांची संगत

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात केळीला फुलोरा आला असं कुणी म्हणत नाही. बाग निसवली म्हणतात. कापूस वेचतात, गहू सोंगतात, भुईमूग उपटतात, केळीचा घड कापतात, आंबे उतरवतात. काम एकच, शेतातलं पीक घरी आणायचं. कुणी 'भुईमूग वेचला' म्हटलं तर व्याकरणात खोट काढता येणार नाही, पण या माणसाचा शेतीशी संबंध नाही हे ऐकणाऱ्याला तिथेच कळतं. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही हे सगळं पक्कं ठाऊक असतं, आणि तिला ते कुणी नियम म्हणून शिकवलेलं नसतं.

इंग्रजी शिकणारी आपली मुलं नेमकी इथेच अडतात. काळ आणि प्रयोग घोटून झालेले असतात, तरी जोराच्या पावसाला ती 'स्ट्राँग रेन' म्हणतात. इंग्रजीत तो 'हेवी रेन'. चहा कडक असला की मात्र 'स्ट्राँग'च हवा. आपण चूकही करतो आणि गृहपाठही करतो. इंग्रजीत चुकीला 'मेक' लागतं, गृहपाठाला 'डू'. यामागे तर्क शोधू नये. ती रूढी आहे.

शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडलं. या संगतीला 'कोलोकेशन' म्हणतात. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी १९८० पासून खरोखर वापरात असलेलं इंग्रजी संगणकात साठवायला घेतलं आणि त्यातून १९८७ साली कोबिल्ड हा शब्दकोश निघाला. पद्धत समजायला सोपी आहे. 'रेन' हा शब्द जिथे जिथे आला ती प्रत्येक ओळ पडद्यावर एकाखाली एक मांडायची, शब्द बरोबर मध्यभागी ठेवून. मग डावीकडे 'हेवी' पुन्हा पुन्हा दिसू लागतो. दोन शब्द निव्वळ योगायोगाने जितक्या वेळा शेजारी येतील त्यापेक्षा बरेच जास्त वेळा आले, तर ती जोडी रुळलेली समजायची. माणूस बोलताना बहुतेकदा असे तयार तुकडेच उचलतो, सुटे शब्द जोडत बसत नाही, असा निष्कर्ष सिंक्लेअर यांनी काढला.

मेंदूचंही काम त्याने हलकं होतं. वाचताना डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या प्रयोगांत 'ब्राइड अँड ग्रूम' ही रुळलेली जोडी लोकांनी उलट्या क्रमापेक्षा लवकर वाचली. अर्थ तोच, शब्दही तेच. इंग्रजी चांगलं येणाऱ्या परभाषिकांतही हा फरक दिसला. म्हणजे हा कान जन्माने मिळावा लागतो असं नाही, वाचून-ऐकून तोही तयार होतो.

म्हणून वहीत 'रेन म्हणजे पाऊस' एवढंच लिहिणं मला फार तोकडं वाटतं. 'हेवी रेन', 'इट रेन्ड ऑल नाइट' असं अख्खं लिहावं. शिक्षकांनीही नुसता लाल गोल न करता शेजारी पूर्ण तुकडा लिहून द्यावा. गोलाने फक्त चूक कळते, काय म्हणायचं ते कळत नाही. घरी 'काय करी ऱ्हायना' आणि वर्गात 'काय करतोयस' म्हणणारं अहिराणी मूल हे दोन्ही असंच अख्खं शिकलेलं असतं. त्याला भाषेत कच्चं ठरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

'गिव्ह द एक्झाम'चं थोडं वेगळं आहे. परीक्षा 'देणं' आपल्याकडून इंग्रजीत गेलं आणि भारतात ते सर्रास चालतं. धुळ्यात किंवा पुण्यात त्यावरून मुलाला अडवण्याचं कारण नाही. परदेशी विद्यापीठाला अर्ज लिहिताना मात्र तिथे 'टेक' वापरायचं, एवढं त्याला आधीच सांगून ठेवावं.