चार वायरी म्हणजे चार कॉन्टॅक्ट नव्हेत

टू-प्रोब सगळ्यांनाच येतं: मल्टिमीटरची दोन टोकं लावायची, मधे जे असेल त्याचा रोध वाचायचा. नॅनोवायरला, म्हणजे जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते इतक्या बारीक तारेला, ते पुरत नाही, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. नॅनोवायरवर पॅड (जोडणीसाठीचे धातूचे तुकडे) दोनच, प्रत्येक पॅडला दोन-दोन वायरी, मीटर फोर-वायर मोडवर, आणि पोस्टरवर मात्र ‘फोर-प्रोब’. हे इतक्यांदा पाहिलंय की आता लिहूनच टाकतो.

समजा, पॉलिकार्बोनेट मेम्ब्रेनच्या (सच्छिद्र पातळ पडद्याच्या) छिद्रांत इलेक्ट्रोडिपॉझिशनने, म्हणजे द्रावणातून विजेच्या मदतीने, चांदी वाढवली, मेम्ब्रेन डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवलं आणि १०० नॅनोमीटर व्यासाची एक वायर सुटी केली. चांदीची नेहमीची रोधकता (लांबी-जाडी बाजूला ठेवून पदार्थाचा स्वतःचा रोध), म्हणजे १.६ × १०⁻⁸ ओम-मीटर, धरली तर तिच्या ५ मायक्रोमीटर लांबीचा रोध येतो जेमतेम १० ओम. एकेक कॉन्टॅक्ट, म्हणजे पॅड आणि नॅनोवायर भिडतात ती जागा, मात्र ७० ओमचा सहज निघू शकतो. पॉलिऑल या रासायनिक पद्धतीने द्रावणात वाढवलेल्या नॅनोवायरीवर तर पीव्हीपी या पॉलिमरचा थर असतो. तो नीट धुतला नाही तर धातू धातूला भिडतच नाही.

दोन पॅड, चार वायरी या जोडणीत केबलचा ओम-दोन ओम रोध वगळला जातो. बस, एवढंच. पॅडमधून करंट नॅनोवायरमध्ये शिरतो ती सीमा मोजणीच्या आतच राहते. मीटर १५० ओम दाखवतो, रोधकता पंधरापट निघते, आणि त्याचं खापर पृष्ठभागावर आपटून इलेक्ट्रॉन विखुरतात त्यावर फुटतं. चांदीत इलेक्ट्रॉनचा सरासरी मुक्तपथ (दोन धडकांमधलं अंतर) खोलीच्या तापमानाला ५० नॅनोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या जाड वायरीत नुसता पृष्ठभाग रोधकता फार तर दीडपट करेल. कणसीमा (धातूतल्या स्फटिककणांच्या हद्दी) आणखी भर घालतील, पण पंधरापट दिसलं की आधी कॉन्टॅक्टवर संशय घ्या.

खऱ्या फोर-प्रोबमध्ये चारही कॉन्टॅक्ट नॅनोवायरवरच, वेगवेगळ्या जागी असतात. बाहेरच्या दोघांतून करंट, आतल्या दोघांवर व्होल्टेज. आतले कॉन्टॅक्टही तितकेच वाईट असतात, पण त्यांतून करंट जवळजवळ जातच नाही. १० मायक्रोअँपिअर सोडला तर १० ओमवर १०० मायक्रोव्होल्ट मिळतात. व्होल्टमीटरचा आतला रोध १० गिगाओम असेल, तर त्याच्याकडे वळणारा करंट १०⁻¹⁴ अँपिअर. कॉन्टॅक्ट १००० ओमचा असला तरी तिथे पडणारं व्होल्टेज नगण्यच. बोअर घेण्याआधी शेतात चार सळया ठोकून जमिनीची रोधकता मोजतात त्यामागेही हेच आहे; फ्रँक वेनर यांनी ती पद्धत १९१५ साली मांडली. कोरड्या मातीत सळईचा कॉन्टॅक्ट भिकार असतो, तरी खालच्या खडकाचा अंदाज मिळतो.

‘आयव्ही (करंट विरुद्ध व्होल्टेजचा आलेख) सरळ रेषेत आहे, म्हणजे कॉन्टॅक्ट चांगला’ हेही कृपा करून म्हणू नका. ७० ओमचा कॉन्टॅक्टसुद्धा सरळ रेषाच देतो. आणि फोर-प्रोबच्या सूत्रातला ४.५३ हा गुणक पातळ थरांसाठी आहे, वायरीला लावू नका. इथे लांबी घ्यायची ती आतल्या दोन कॉन्टॅक्टमधली.

शंका असेल तर एकाच वायरीवर वेगवेगळ्या अंतरांवर मोजा आणि रोध विरुद्ध लांबी असा आलेख काढा. फोर-प्रोबची रेषा शून्यातून जायला हवी. दोन पॅडवाली रेषा उभ्या अक्षाला वर कुठेतरी छेदेल, आणि तो छेद म्हणजेच तुमचे दोन कॉन्टॅक्ट.