लाल डावीकडे, पण बंदरात शिरताना

भारतात समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या हाताला. बाहेर पडताना बाजू उलटतात. बोयांवरच्या आकड्यांची सुरुवातही समुद्राकडून होते, म्हणून आकडे वाढत असतील तर तुम्ही आत चाललात. अमेरिकेत मात्र शिरताना लाल उजवीकडे असतो. १९८० साली जगभरच्या खुणा एका पद्धतीत बसवताना ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन विभाग ठेवावे लागले. भारत, युरोप, ऑस्ट्रेलिया ‘अ’मध्ये, दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स ‘ब’मध्ये. न्यू जर्सीत बोट भाड्याने घेणाऱ्या मराठी माणसाने हे पक्कं ध्यानात ठेवावं.

रंगावर एकट्या विसंबू नका. सूर्य बोयाच्या मागे असला की लाल काय, हिरवा काय, दोन्ही काळेच दिसतात. तेव्हा आकार बघायचा: ‘अ’ विभागात लाल बोया किंवा त्याच्या माथ्यावरची खूण डब्यासारखी, हिरव्याची शंकूसारखी, टोक वर.

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे बोये दिशा सांगतात. उत्तरेच्या बोयाच्या उत्तरेनेच जायचं. खडक किंवा उथळ पाणी त्याच्या दक्षिणेला असतं. त्यामुळे जवळ होकायंत्र हवंच. माथ्यावर दोन काळे शंकू असतात: दोन्ही टोकं वर म्हणजे उत्तर, दोन्ही खाली म्हणजे दक्षिण, तळाला तळ म्हणजे पूर्व, टोकाला टोक म्हणजे पश्चिम. टोकं जिकडे, काळा पट्टा तिकडे.

रात्री हेच बोये पांढरे लुकलुकतात आणि मोजणी घड्याळाच्या तबकडीसारखी चालते. पूर्वेला ३ झपके, दक्षिणेला ६, पश्चिमेला ९. उत्तरेचा दिवा न थांबता लुकलुकतो. लाटांवर हलणाऱ्या होडीतून नवाचे सहा मोजले जाणं अगदी सोपं, म्हणूनच दक्षिणेच्या सहांनंतर किमान दोन सेकंदांचा एक लांब झपका जोडलेला असतो. तो दिसला नाही तर दक्षिण धरू नका. मोजणी नेहमी अंधाराच्या मोठ्या खंडानंतर सुरू करा आणि दोन-तीन फेऱ्या मोजा, कारण एखादा झपका लाटेआड जातोच. मुंबईसारख्या बंदरात मागे शहराचे लाल-हिरवे दिवे असतात. तिथे रंगापेक्षा झपक्यांची लय आणि तिचा सेकंदांतला कालावधी नकाशाशी ताडून बघणं जास्त भरवशाचं.

काळा बोया, मध्ये लाल पट्टा आणि माथ्यावर दोन काळे गोळे: खाली सुटा खडक किंवा बुडालेलं जहाज, भोवती पाणी मोकळं. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्या: चहूबाजूंनी सुरक्षित पाणी. निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्या ही नवी भर, ताज्या बुडालेल्या जहाजासाठी. डिसेंबर २००२ मध्ये इंग्लिश खाडीत ‘ट्रायकलर’ बुडालं आणि काही दिवसांतच आणखी दोन जहाजं त्याच्यावर आदळली, त्यानंतर ती आली.

आता बोयाची खोड. तो तळावरच्या वजनाला साखळीने बांधलेला असतो. पाणी १० मीटर आणि साखळी ३० मीटर असेल, तर ताणलेल्या साखळीवर तो वजनापासून जवळजवळ २८ मीटर सरकतो. म्हणून त्याला घासून जाऊ नये; वळण घेताना कोपऱ्यावरचा बोया तर लांबच ठेवावा. पावसाळी वादळात साखळी तुटते, वजन ओढलं जातं, दिवा विझतो. नकाशावर आहे तिथे बोया दिसत नसेल तर वेग कमी करा आणि खोली मोजत पुढे जा. मासेमारीची होडी बोयाला बांधण्याची सवय तर सरळ सोडावी: त्या ओढीने तो जागेवरून हलतो आणि मागून येणाऱ्याचा मार्ग चुकतो.