बालशिक्षण कार्यक्रमांचं मूल्यमापन (नाशिक जिल्हा)

अंगणवाडी, बालवाडीत ३ ते ६ वर्षांच्या पोरांसाठी जे काही चालतं त्यातून पोरांना खरंच काय मिळालं हे शोधणं म्हणजे मूल्यमापन. याची आणि तपासणीची कायम गल्लत होते. पर्यवेक्षिका आली, हजेरीपट बघितला, आहाराचा साठा मोजला, सही करून गेली, ही झाली तपासणी. मूल्यमापनात प्रश्न असा की हा कार्यक्रम नसता तर हेच पोर आज कुठे असतं?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तेव्हापासून मोजमापाचा सगळा भर वजन, उंची, लसीकरणावर आहे, २०२१ पासून पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलंय त्यातही मुख्य तेच. शिकण्याचं मोजणं मागेच पडलं, कारण ते काट्यावर ठेवून होत नाही. एखादं पोर एक ते वीस धडाधड म्हणतं, पण समोर बाटलीची झाकणं ठेवून 'यातली तीन दे' म्हटलं की मूठभर उचलून देतं. पाठांतर आलंय, संख्या आलेली नाही, आणि रजिस्टरमध्ये मात्र 'अंक येतात' अशी टिक!

तुलना कोणाशी करायची हा दुसरा घोळ. नाशिक शहरातल्या सिडकोतल्या इंग्लिश मीडियम केजीची पोरं आणि सुरगाणा या आदिवासी तालुक्यातल्या पाड्यावरच्या अंगणवाडीतली पोरं शेजारी बसवून निकाल काढला तर तो शिक्षणाचा नाही, आईबापाच्या परिस्थितीचा निघतो. म्हणून सारख्याच केंद्रांतून कोणाला कार्यक्रम द्यायचा आणि कोणाला नाही ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात, मग दोन्हींची तुलना करतात. तामिळनाडूत ६४० अंगणवाड्या घेऊन त्यातल्या निम्म्यांना फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली. दीड वर्षात शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, गणित-भाषा सुधारली आणि कुपोषणही कमी झालं, कारण जुन्या सेविकेचा शिकवण्यात जाणारा वेळ आहार-आरोग्याकडे वळला. आपल्याकडे सेविकेनेच आहार, लसीकरण, सर्व्हे आणि वर गाणी-गोष्टी करायच्या, मग निकाल वाईट आला की तिलाच बोल!

घाईही करू नये. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९६२ पासून पेरी प्रीस्कूल प्रयोगातल्या १२३ मुलांचा (काही बालवाडीत गेलेली, काही न गेलेली) पाठपुरावा केला, दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकातला फरक काही वर्षांत विरला पण पुढचं शिक्षण आणि कमाई यात चाळिशीतही फरक दिसला.

नाशिकची खास अडचण म्हणजे स्थलांतर. पेठ, सुरगाण्याची बरीच कुटुंबं पाऊस संपला की दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जातात, लहान पोरं बरोबरच. जूनला पहिली चाचणी घेतली आणि मार्चला दुसरी घ्यायला गेलं तर यादीतली पोरं गावात नसतात, आणि जी सापडतात ती बहुतेक ज्यांना बाहेर जावं लागत नाही अशा घरातली, त्यामुळे सरासरी फुगते. यावर उपाय दोनच, एकतर टीमने बागेतल्या मुक्कामावर जाऊन पोरं गाठायची, नाहीतर किती पोरं गळाली ते अहवालात ठळक छापायचं. चाचणीही घरच्या बोलीत हवी, कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या पोराला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला तर ते गप्प बसतं आणि पडतो शून्य.

बाकी वर्ग बघायचा तर कळवून जाऊ नये, कळवलं की भिंतीवर नवे तक्ते लागतात अन् कपाटातली खेळणी त्या दिवसापुरती बाहेर निघतात.