पुण्या-मुंबईत घेतलेली जुनी मोटारसायकल कोल्हापूरला आणताना

गाडी ठरली, पैसे दिले, उद्याच टेम्पो पाठवा, असा फोन आला की भाडं सांगण्याआधी आम्ही एकच विचारतो: आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव आहे का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "कर्ज केव्हाच फिटलंय."

फिटलेलं असतंच, त्याबद्दल वाद नाही. पण सातबाऱ्यावरचा बोजा जसा आपोआप उतरत नाही, तसाच आरसीवरचा एचपीही (हायपोथिकेशन, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेच्या नावाची नोंद) उतरत नाही. त्यासाठी बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी लागते. त्या एनओसीवर बहुधा तीन महिन्यांची मुदत असते. ती उलटून गेली असेल तर नवं पत्र लागतं आणि बँक ते फक्त कर्जदाराला देते, म्हणजे विकणाऱ्याला. तो राहतो हडपसरला, गाडी पोचलेली गडहिंग्लजला. त्यात आता अर्ज ऑनलाइन झाल्यामुळे ओटीपीही त्याच्याच मोबाईलवर जातो. व्यवहार झाल्यावर पहिला आठवडाभर माणूस फोन उचलतो. पुढचं आम्ही सांगायला नको.

म्हणून गाडी उचलण्याआधी आम्ही आरसीच्या दोन्ही बाजू, विमा, पीयूसी आणि विकणाऱ्याच्या सह्यांचे फॉर्म 29 व 30 (नाव ट्रान्सफरचे) यांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवतो. काहींना ही अडवणूक वाटते. दुसरा टेम्पोवाला काही विचारत नाही, हेही ऐकून घेतो. त्याचं काम गाडी उतरवली की संपतं. नाव चढत नाही म्हणून गिऱ्हाईक परत येतं ते आमच्या दारात.

एचपी असेल तर तो उतरेपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा. विकणारा कुरकुरला तर त्याला त्याचाच फायदा सांगा: आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्याचं विकणाऱ्याने आरटीओला 14 दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. नंबर एमएच-12 चा असला तरी तोच राहतो, उगाच काळजी नको. बेळगाव किंवा गोव्याची गाडी असेल तर मात्र तिथल्या आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर, असं सगळंच वाढतं. त्या गाड्यांसाठी पैसे देण्याआधी आमच्याशी बोला.

थकलेली ई-चलनं आणि एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट (एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना) हेही विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

"चालवतच आणतो की" म्हणणारे बरेच भेटतात. हौस आम्हालाही आहे. पण टायर, चेन, ब्रेक कसे आहेत ते माहीत नसलेली गाडी पहिल्याच दिवशी खंबाटकी घाटात घालू नये. शिवाय विमा जुन्या मालकाच्या नावावर असतो. तिसऱ्या पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसीवर नाव बदलल्याशिवाय धरू नका. त्यासाठी विमा कंपनीकडे 14 दिवसांत अर्ज करा.

टेम्पोत चढवण्याआधी टाकीत फळीवर चढण्या-उतरण्यापुरतंच पेट्रोल ठेवा. आरसे काढून ठेवा, डिकीत कागद ठेवू नका. आमची माणसं ओरखड्यांचे आणि मीटरचे फोटो तुमच्यासमोर किंवा विकणाऱ्यासमोर काढतात. गाडी साइड स्टँडवर लावत नाही. पुढचं चाक अडवून चारही बाजूंनी पट्टे ताणतो. पट्टे हँडलच्या टोकांना नव्हे, खाली फोर्कच्या जवळ बांधतो, आणि सस्पेन्शन पूर्ण दाबत नाही, नाहीतर फोर्कची सीलं गळायला लागतात. वेळ लागतो, त्यामुळे तासाभरात गाडी भरून निघा म्हणू नये.

नाव ट्रान्सफरचं काम आमच्याकडेच दिलंत तर कागद तपासणीचे वेगळे पैसे घेत नाही. पावसाळ्यात ताडपत्री भाड्यातच.